दोन ऑस्करसोबत कोणते मासे सुखाने राहतील?

विश्रामबाग_सांगली

नमस्कार. माझ्याकडे चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशा टँकमध्ये दोन टायगर ऑस्कर आहेत. दोघांची लांबी सध्या पाच इंचांच्या आसपास असून त्यांच्यासोबत चार इंचांचा एक सकर (काचेला चिकटणारा, ‘क्लीनर’ म्हणून विकला जाणारा मासा) आहे. घरातील मुलांना एवढा मोठा टँक रिकामा वाटतो, म्हणून आणखी मासे आणावेत असे मनात आहे. ज्या दुकानातून मी खाद्य घेतो तेथे मला एक सिल्व्हर अरोवाना, ‘शार्क’ची एक जोडी आणि चार-पाच गोल्डफिश असे एकत्र सुचवण्यात आले. लहानपणापासून बरोबर वाढलेले मासे पुढे भांडत नाहीत, असेही सांगण्यात आले. हे कितपत खरे आहे? हॉल तळमजल्यावर असल्यामुळे गरज पडल्यास मोठा टँक बनवून घेण्याची माझी तयारी आहे. पाणी महापालिकेचे येते, मात्र ज्या दिवशी ते येत नाही त्या दिवशी बोअरचे वापरावे लागते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मिरज_मत्स्यालय

आपण मासे आणण्यापूर्वी विचारले, हे फार चांगले झाले. आपला टँक नऊ घनफुटांचा आहे, म्हणजे काठोकाठ भरला तरी त्यात सुमारे 255 लिटर पाणी मावेल, आणि खडी, दगड व वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्षात 220 लिटरच उरेल. ऑस्कर हा अॅमेझॉनच्या खोऱ्यातील मासा असून चांगल्या खाद्यावर तो दीड वर्षाच्या आत दहा ते बारा इंचांचा होतो आणि दहा-बारा वर्षे सहज जगतो. त्यामुळे आज रिकामा दिसणारा हा टँक वर्षभरात त्या दोघांनाच अपुरा पडणार आहे. सोबती निवडताना दुकानातील पिल्लाकडे पाहू नये. पूर्ण वाढ झाल्यावर त्या माशाची लांबी, तोंड आणि स्वभाव कसा असेल ते पाहावे, कारण सगळी गणिते तेथेच चुकतात.

‘एकत्र वाढले की भांडत नाहीत’ हे ऑस्करच्या बाबतीत खरे नाही. जे तोंडात मावते ते अन्न, एवढाच त्याचा हिशेब असतो, आणि त्याचा जबडा बाहेरून दिसतो त्यापेक्षा बराच मोठा उघडतो. शिवाय वयात आल्यावर त्याचा स्वभाव बदलतो. आपले दोघे नर-मादी निघाले तर अंडी घालण्याच्या काळात ते संपूर्ण तळ आपल्या ताब्यात घेतील आणि आजवर ज्याच्याशी काही वैर नव्हते त्याच्याही अंगावर धावून जातील. नर-मादी कोणती हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. दोघे कल्ले फुगवून समोरासमोर उभे राहिले, शेपट्या हलवू लागले आणि एकमेकांचे ओठ धरून ओढू लागले, तर जोडी जमत असेल किंवा भांडण पेटत असेल. त्यानंतर एकाचे पर फाटलेले दिसले आणि तो सतत कोपऱ्यात, पाण्याच्या वरच्या थरात राहू लागला, तर ते भांडण आहे असे समजावे आणि वेळ न घालवता दोघांना वेगळे करावे.

आता दुकानातील यादीविषयी. सिल्व्हर अरोवाना तीन फुटांपर्यंत वाढतो. तो वरच्या थरात पोहत असल्यामुळे ऑस्करशी त्याची थेट हद्द लागत नाही, हे खरे आहे, पण त्याला नीट वळता यावे यासाठी आठ फूट लांब आणि किमान तीन फूट रुंद टँक लागतो. दीड फूट रुंदीत त्याची पाठ वाकडी होण्याची भीती असते. ‘शार्क’ म्हणून जो विकला जातो तो पंगॅशियस असतो, शार्कशी त्याचे काही नाते नाही. खाण्यासाठी तळ्यांत वाढवला जाणारा हा मासा एक मीटरपेक्षा मोठा होतो, अतिशय भित्रा असतो आणि दचकला की काचेवर जाऊन नाक फोडून घेतो. घरातील कोणताही टँक त्याला पुरत नाही.

माझी सूचना अशी आहे. आपण सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टँक बनवून घ्या आणि त्यात दोन ऑस्करसोबत पाच-सहा सिल्व्हर डॉलर ठेवा. हा मासाही दक्षिण अमेरिकेचाच असून त्याला 24 ते 28 अंश तापमान मानवते. तो सहा इंचांपर्यंत वाढतो, कळपाने राहतो, टँकच्या मधल्या थरात फिरतो आणि मुख्यतः वनस्पतीजन्य अन्न खातो. त्याचे अंग ताटलीसारखे उंच आणि चपटे असल्यामुळे मोठ्या ऑस्करलाही तो गिळता येत नाही. मात्र दुकानात मिळणारी रुपयाएवढी पिल्ले थेट सोडू नयेत, ती वेगळ्या टँकमध्ये तीन-चार इंचांची होऊ द्यावीत. टँकमध्ये झाडे लावली असतील तर ती वाचणार नाहीत, आणि वर घट्ट झाकण हवे, कारण हे मासे उडी मारतात.

शाहूपुरी_सातारा

वरील बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे. गोल्डफिशचा उल्लेख राहून गेला आहे, तो करतो. गोल्डफिशला 18 ते 22 अंशांचे थंड पाणी लागते. आमच्या साताऱ्यात हिवाळ्यात तो हीटरशिवाय आनंदाने राहतो, त्याच पाण्यात ऑस्कर मात्र खाणे सोडतो. दोघांना सारख्याच मानवणाऱ्या तापमानाची जागा जवळजवळ नाही. दुसरे असे की ऑस्कर गोल्डफिशला सोबती न मानता जेवण मानेल. काही जण मुद्दाम गोल्डफिश खायला घालतात, तेही टाळावे. त्याच्या मांसात थायमिनेज नावाचे विकर असते, ते बी-1 जीवनसत्त्व नष्ट करते. शिवाय अशा माशांमधून रोगही येतात.

सकरबद्दल अधिक सावध राहावे लागेल. साधा सकर दीड फुटांपर्यंत वाढतो आणि स्वतःच भरपूर घाण करतो, त्यामुळे त्याला क्लीनर म्हणणे फसवे आहे. रात्री दिवे बंद झाल्यावर तो कधीकधी झोपलेल्या माशाच्या चपट्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर खरवडतो. सकाळी ऑस्करच्या कुशीवर नाण्याएवढा फिकट, खवले विस्कटलेला ठिपका दिसला, तर बुरशीचे औषध टाकण्याआधी सकरकडे पाहावे. उलट बाजूनेही धोका आहे. ऑस्करने लहान सकर गिळण्याचा प्रयत्न केला, तर सकर आपले काटेरी पर ताठ करतो आणि ते घशात अडकून दोघेही मरतात. म्हणून सकर ठेवायचाच असेल तर तो ऑस्करच्या तोंडापेक्षा नेहमी बराच मोठा असावा.

सिल्व्हर डॉलरखेरीज सेव्हेरमचा विचार करता येईल. तो आठ इंचांपर्यंत वाढतो आणि सिक्लिडच्या, म्हणजे ऑस्करच्या कुळातील माशांच्या मानाने शांत असतो. फ्लॉवरहॉर्न मात्र कोणी फुकट दिला तरी आणू नका, तो एकट्यानेच ठेवण्याचा मासा आहे.

विश्रामबाग_सांगली

दोघांचे मनापासून आभार. सहा फुटी टँक बनवण्याचे नक्की केले आहे. आणखी तीन शंका आहेत. मुलांना लाल पॅरट मासा फार आवडतो, तो ऑस्करसोबत राहील का? सकर काढायचा ठरवल्यास तो आयर्विन पुलाजवळ कृष्णेत सोडून देणे योग्य होईल का? आणि बोअरच्या पाण्याने काही बिघडेल का?

कोयनाकाठ_कराड

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देतो, कारण ते सर्वांत महत्त्वाचे आहे. सकर, ऑस्कर किंवा टँकमधील कोणताही मासा नदीत कधीही सोडू नका. सकरला कमी ऑक्सिजनचे पाणी चालते आणि तो काठाच्या मातीत बिळे करून प्रजनन करतो. त्याच्या कठीण कवचामुळे त्याला खाणारेही फारसे कोणी नाही. उजनी धरणात तो मच्छिमारांच्या जाळ्यात येऊ लागल्याचे आपण वाचलेच असेल. तो जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. कृष्णेच्या पाण्यात आपले मरळ आणि खवल्या टिकायला हवे असतील, तर बाहेरचा मासा दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या छंदिष्टाला द्यावा.

पॅरट हा संकरित मासा आहे. त्याचे तोंड पूर्ण मिटत नाही, त्यामुळे त्याला चावता येत नाही आणि पेलेट (खाद्याची गोळी) उचलायलाही वेळ लागतो. ऑस्करच्या टँकमध्ये खाद्य पडताच दोन-तीन झडपांत संपते, तेवढ्यात पॅरटच्या वाट्याला काही येत नाही. सहा इंचांचा पॅरट मोठ्या टँकमध्ये ऑस्करसोबत राहिल्याची उदाहरणे आहेत, पण त्यासाठी दोन टोकांना एकाच वेळी खाद्य टाकावे लागते आणि लपण्यासाठी मोठे दगड किंवा मडकी ठेवावी लागतात. पाच-सहा डॉलर घेणार असाल तर पॅरट नकोच, असे माझे मत आहे. मुलांना समजावून सांगा, एखादा स्वतंत्र टँक पुढे करता येईल.

पाण्याविषयी बोलायचे तर ऑस्करला थोडे जड पाणी चालते, पाण्याचा गुण वरचेवर बदललेला मात्र चालत नाही. एका आठवड्यात नळाचे आणि पुढच्या आठवड्यात पूर्ण बोअरचे असे करू नका, दोन्हींचे प्रमाण ठरवून साठवणीच्या टाकीत मिसळून घ्या. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढण्यासाठी अँटिक्लोरीन वापरा. दर आठवड्याला एक-तृतीयांश पाणी बदला आणि माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारे नायट्रेट 40 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 40 भाग) आत ठेवा. या माशांच्या डोक्यावर खड्डे पडण्याचा जो रोग दिसतो, त्यामागे खराब पाणी आणि एकसुरी खाद्य ही प्रमुख कारणे मानली जातात.

सहा फुटी टँकमध्ये सुमारे 680 लिटर पाणी बसेल. काच 12 मिलिमीटरची घ्या, आणि पाणी, काच, खडी मिळून आठशे किलोंच्या पुढे वजन जाणार असल्यामुळे स्टँड लोखंडीच असू द्या. फिल्टर ताशी निदान पाच-सहा हजार लिटर पाणी फिरवणारा हवा. जुन्या टँकमधला स्पंज न धुता नव्या फिल्टरमध्ये घातला की घाण पचवणारे जिवाणू लवकर बसतात, नाहीतर अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्ये शून्यावर यायला महिना-दीड महिना लागतो. सांगलीत मे महिन्यात पाणी 32 अंशांवर गेले की त्यात विरघळणारा ऑक्सिजन 25 अंशांच्या तुलनेत सुमारे एक-दशांशाहून अधिक घटतो, आणि मोठ्या माशांना हा फरक जाणवतो. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप म्हणूनच जवळ हवा.

डॉलर आणल्यावर तीन आठवडे वेगळे ठेवून पांढरे ठिपके, सडलेले पर वगैरे पाहा. नव्या टँकमध्ये डॉलर आधी सोडा आणि ते स्थिरावल्यावर ऑस्कर आणा, म्हणजे जागेवर कोणाचाही आधीपासून ताबा राहणार नाही. त्या दिवशी ऑस्करना आधी पोटभर खाऊ घाला आणि टँकचा दिवा रात्रभर बंद ठेवा. टँकच्या रुंदीची एक प्लॅस्टिकची जाळी कापून घरात तयार ठेवा. जोडी जमली आणि अंडी दिसली की त्याच दिवशी ती मध्ये बसवून डॉलर एका बाजूला घेता येतील.