बार्बारोसा बुडाला नसता तर?

प्रश्न: १० जून ११९० रोजी आजच्या तुर्कस्तानातील सालेफ नदीत जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा बुडाला नसता, तर तिसऱ्या धर्मयुद्धात, म्हणजे जेरुसलेम परत घेण्यासाठी युरोपच्या ख्रिस्ती राजांनी काढलेल्या मोहिमेत, ते शहर मुस्लिम सुलतान सलाहुद्दीनच्या हातून गेले असते का?

प्रतिसाद: कदाचित गेलेही असते, कारण नुकतेच सेल्जुक तुर्कांची राजधानी इकोनियम जिंकलेले जर्मन सैन्य सम्राटाच्या मृत्यूनंतरच पांगले आणि उरलेसुरले पुढे अँटिओक शहरातील रोगराईत खचले.

प्रतिसाद: जिंकणे निराळे, राखणे निराळे. जानेवारी ११९२ मध्ये जेरुसलेमच्या अलीकडे बैत नुबा गावापर्यंत पोहोचलेला इंग्लंडचा राजा रिचर्ड मागे फिरला, तो याच हिशेबाने, की जेरुसलेमच्या यात्रेचा नवस फेडून हे यात्रेकरू योद्धे मायदेशी परतल्यावर तटावर उभे कोण राहणार? हा पेच बार्बारोसालाही चुकला नसता.

प्रतिसाद: शिवाय फ्रान्सचा राजा फिलिप आणि रिचर्ड यांचेच आपसांत पटत नव्हते, त्यात हा तिसरा, वयाने वडील आणि मानाने थोर, म्हणजे भांडणाला आणखी एक वाटेकरी!