पुण्यात राहून सेशन गिटार

'फक्त स्टुडिओत गिटार वाजवून पुण्यात घर चालेल का?' या प्रश्नावर बहुतेकांनी बोटांच्या वेगाबद्दलच लिहिलंय. खरं तर स्टुडिओत वेगाला फारसं कुणी विचारत नाही. क्लिकवर (हेडफोनमधल्या ठोक्यावर) पक्कं बसणं, समोर आलेला कॉर्ड चार्ट (गाण्यातल्या कॉर्ड्सचा लिहिलेला क्रम) लगेच वाजवणं आणि गायक ऐन वेळी 'अर्धा सूर खाली घेऊ या' म्हणाला तरी तोच रंग टिकवणं, पैसे याचे मिळतात. भूपिंदर सिंग यांचंच बघा. 'चुरा लिया है तुमने'मधली (१९७३) गिटार त्यांची, पण लोक ओळखतात ते गायक म्हणून. वादकाचं नाव तेव्हा मागे राहायचं. आजही श्रेयासाठी हट्ट धरावाच लागतो. धरा.

आता डेक्कन क्वीनने रोज मुंबई गाठायची गरज नाही. घरी बरा ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडून रेकॉर्ड करायचं यंत्र) असला की ट्रॅक पाठवता येतात. सोबत इफेक्ट नसलेला कोरडा डीआय ट्रॅकही (गिटारचा थेट घेतलेला आवाज) द्या, म्हणजे मिक्सिंगवाल्याला टोन बदलता येतो. कॉलेजात असताना फिरोदिया करंडक स्पर्धेत भेटलेल्या मंडळींशी संपर्क ठेवा, त्यातलंच कुणीतरी उद्या काम देतं. शिकवण्या मात्र इतक्यात सोडू नका; जिंगलचे पैसे हातात पडायला कधी कधी महिने जातात.