ऑफिस दुसऱ्या मजल्यावर नेलं, लिफ्ट नाही, काय करू?

पोलिओमुळे माझ्या उजव्या पायाला कॅलिपर आहे, फोंड्याहून पणजीला रोज बसने येते, बसची पहिली पायरीच गुडघ्याएवढी उंच, ती कशीबशी चढते. आता ऑफिस दुसऱ्या मजल्यावर गेलंय. ३८ पायऱ्या. एचआरवाले म्हणतात जमत नसेल तर बघा. खाजगी कंपनी आहे, काय करू?

> ताई, आधी राजीनामा देऊ नका! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २१ खाजगी कंपनीलाही लागू आहे, समान संधी धोरण (म्हणजे दिव्यांग कर्मचाऱ्यांना काय सोयी देणार ते) जाहीर करावंच लागतं, ते ईमेलवर मागा, तोंडी नको. ४ टक्के आरक्षण मात्र सरकारी नोकरीतच.

> माझा भाऊ कर्णबधिर आहे, मीटिंगमध्ये सगळे एकदम बोलतात नि तो नुसता चेहरे बघत बसतो, घरी आला की जेवतसुद्धा नाही. २०२३ पासून आपल्या पणजीत पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव होतो, खूप छान वाटतं, पण बाकीचे दिवस? राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करता येते, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) कॉपी जोडा.

> थँक्यू दोघांना. आजच ईमेल लिहिते, तळमजल्यावर एक टेबल दिलं तरी पुरे.