बुकमार्कला टॅग लावण्याच्या अभ्यासात आपण नाव द्यावं का?

तापीकाठची
एका विद्यापीठाला इंटरनेटवर सतत काही ना काही साठवून ठेवणारी माणसं हवी आहेत. लोक बुकमार्कला कोणते टॅग, म्हणजे पुढे शोधायला सोपे जावेत असे खुणेचे शब्द, लावतात आणि महिन्याभराने तीच गोष्ट त्यांना सापडते का, हे बघायचंय. सहा आठवडे ब्राउझरमध्ये त्यांचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) ठेवायचं, शेवटी अर्धा तास बोलायचं. मानधन नाही. मराठीत टॅग लावणारे चालतील असं मुद्दाम लिहिलंय.

माझं मत, खान्देशातल्यांनी नाव द्यावं. रावेर-यावलकडे केळीच्या पानावर पिवळे पट्टे दिसले की शेतकरी ‘हरण्या’ म्हणतो. कृषी खात्याच्या पत्रकात तोच रोग ‘सीएमव्ही’ (कुकुंबर मोझॅक व्हायरस) असतो आणि व्हिडिओवाल्यांच्या लेखी नुसता ‘व्हायरस’. तिघांनी एकच लेख साठवला तरी एकाचा टॅग दुसऱ्याच्या कामाचा नाही. फर्नास आणि सहकारी या संशोधकांनी १९८७ मध्येच दाखवलं होतं की एकाच गोष्टीला दोन माणसं आपणहून तोच शब्द देतील याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी. ते इंग्रजीपुरतं. आपल्याकडे मराठी, अहिराणी, लेवा बोली आणि वर रोमन लिपीतलं मराठी. अशा अभ्यासात आपली माणसंच नसली तर शोधयंत्रणा बनवणाऱ्याला हे कळायचं कुठून?

फलाट_तीन
ताई, हेतू चांगला आहे, पण ही वेठबिगारी झाली. शिवाय बुकमार्क म्हणजे माणसाचं कपाट. त्यात कर्जाची माहिती, आजाराचं पान, वकिलाचा पत्ता, नव्या नोकरीच्या जाहिराती. विद्यापीठवाले नाव काढून टाकू म्हणतात, म्हणू देत. २००६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख लोकांनी इंटरनेटवर टाकलेले सर्च नावं काढून, फक्त क्रमांक ठेवून जाहीर केले होते. एका वर्तमानपत्राने त्यातल्या एका क्रमांकामागची बाई हुडकून काढली. एओएलने ती माहिती मागे घेतली, पण प्रती तोवर पसरल्या होत्या.

आणि कायद्याचा आधार धरू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सूट आहे. ठरवलेली मानकं पाळली आणि त्या माहितीवरून तुमच्याबद्दल काही निर्णय घेतला नाही, की झालं.

भरीतवाला
आपलं काय जास भो, देऊन टाका नाव!

ग्रंथपाल_धुळे
थोडं थांबा. पुस्तक एका वेळी एकाच फळीवर उभं राहतं, म्हणून ग्रंथालयाला वर्गीकरण लागतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ ची; तिने एका विषयाचे अनेक पैलू एका क्रमांकात बसवले, पण फळी एकच राहिली. बुकमार्कला ती अडचण नाही, एकाच पानाला हवे तितके टॅग लागतात. त्यामुळे टॅग सोय म्हणून उत्तम, यात वाद नाही.

पण नवीन अभ्यास कशाला? डेलिशस या साइटवर २००३ पासून लोक बुकमार्क साठवून त्यांना टॅग लावत होते. तिच्यावरच्या माहितीवरून गोल्डर आणि ह्युबरमन या संशोधकांनी २००६ मध्ये मांडलं की साधारण शंभर जणांनी एखादं पान साठवलं की त्याच्या टॅगांचं प्रमाण स्थिरावतं, गोंधळ आपोआप निवळतो. ‘वाचायचंय’सारखे टॅग मात्र ज्याचे त्यालाच कळतात. ताई म्हणतात तो प्रश्न गर्दीने सोडवलेला आहे.

तापीकाठची
सर, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. हरण्यावरचा मराठी लेख शंभर जण बुकमार्क करतील असं तुम्हाला वाटतं? आपल्याकडे एका पानामागे चार माणसं असली तरी पुष्कळ. गर्दी जमणारच नसेल तर प्रमाण स्थिरावायचं कसं? इंग्रजीत निवळलं म्हणून मराठीत निवळेल हे गृहीत धरू नका. चार जणांत टॅग कसे चालतात, हे कुणीतरी बसून बघायलाच हवं.

ग्रंथपाल_धुळे
शंभरचा मुद्दा मान्य. पण मग टॅग सुचवणारी ठरावीक यादी द्या. शेतकरी, विद्यार्थी मिळून एकदा करू. स्वयंसेवक कशाला?

तापीकाठची
यादीत ‘हरण्या’ घालायचा की ‘सीएमव्ही’, हे तुम्ही ठरवणार की मी?

नंदुरबार_अभ्यासिका
मी एमपीएससीची तयारी करते. वाद छान आहे, पण बुकमार्क वापरतं कोण? आमच्याकडे चालू घडामोडींची लिंक स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवायची पद्धत आहे. खाली ‘राज्यघटना महत्त्वाचं’ लिहायचं, तोच आमचा टॅग. नंतर सर्च मारायचं. आणि अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालतच नाही. म्हणजे ज्याच्याकडे लॅपटॉप आहे तोच या अभ्यासात येणार. ‘हरण्या’ म्हणणारा शेतकरी त्यात कुठून सापडणार, ताई?

फलाट_तीन
हा प्रश्न माझ्या लक्षातच आला नव्हता. वर ही पण गंमत बघा: डेलिशस २००५ मध्ये याहूने घेतली, २०११ मध्ये विकली, पुढे आणखी हात बदलले आणि २०१७ मध्ये पिनबोर्ड या दुसऱ्या बुकमार्क साइटने घेऊन तिथलं नवीन साठवणं बंद केलं. लेख साठवायचं पॉकेटही जुलै २०२५ मध्ये बंद झालं. लोकांनी वर्षानुवर्षं टॅग लावायचे आणि दुकान दुसऱ्याने बंद करायचं!

तापीकाठची
दादा, ती कंपन्यांची गोष्ट, ही विद्यापीठाची. पण फोनचा मुद्दा मात्र मोठा आहे. मी त्यांना तीन गोष्टी विचारते: फोनवाल्यांना आणि व्हॉट्सॲपवर साठवणाऱ्यांना घेणार का, नको असलेले बुकमार्क आधीच वगळता येतील का, आणि मध्येच बाहेर पडलं तर तोवरची माहिती पुसणार का.

फलाट_तीन
तिसऱ्याचं उत्तर संमतीपत्रात लेखी मागा, मेलमधल्या ‘हो’ला अर्थ नाही. तरी माझं नाव नकोच. भरीतवाले भाऊंचं द्या, त्यांच्याकडे बामणोदच्या वांग्यांशिवाय काय निघणार?

भरीतवाला
दादा, वांगी कुठे स्वस्त मिळतात ती पानंही आहेत. ती मात्र वगळा!