प्रतिसाद: मे महिन्यात बारावीचा अर्धा पोर्शन?

'मे महिन्यातच बारावीचा अर्धा पोर्शन उरकून टाका' हे वर कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच पटतं. कॉलेज रोडच्या क्लासेसच्या व्हेकेशन बॅचेसही तेच सांगतात, पण त्यात अकरावीचं कुणी नावच घेत नाही. एमएचटी-सीईटीत (राज्याची इंजिनिअरिंग-फार्मसीची प्रवेश परीक्षा) साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या ठरावीक धड्यांवर असतात. जेईई आणि नीट या देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या प्रवेश परीक्षांना तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम. आणि आपल्याकडे अकरावी म्हणजे (खरं सांगायचं तर) विश्रांतीचं वर्ष!

माझ्या भाचीने सुट्टीचे पहिले आठवडे फक्त अकरावीची त्रिकोणमिती, लिमिट्स आणि भौतिकशास्त्रातलं इलेक्ट्रोस्टॅटिक्स यांवर घालवले. घरच्यांना वाटलं पोरगी मागेच चालली. पण त्रिकोणमितीची सूत्रं तोंडपाठ नसतील तर बारावीच्या इंटिग्रेशनमध्ये पावलोपावली अडतं, ते तिचं जूनमध्ये अडलं नाही. मॅथेमॅटिकल लॉजिक बारावीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलं आहे म्हणून सगळे तिथून सुरू करतात. तो धडा सोपा आहे, कधीही होतो. सुट्टी द्यायची ती इंटिग्रेशनला. पुस्तकं बालभारतीच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, त्यासाठी क्लासच्या नोट्सची वाट बघू नका.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र नवीन काही हाती घेऊ नये. भौतिक, रसायन, जीवशास्त्राला प्रत्येकी ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात, आणि प्रॅक्टिकल लेखीच्या आधी. म्हणून त्या सुट्टीत जर्नल (प्रयोगवही) पूर्ण करायची, हे सीईटीच्या मागे लागलेले हमखास विसरतात.