आयटीवाल्यांचे घरगुती सल्ले ऐकणं बंद करा

कंपाइलकर

पोटापाण्यासाठी कोड लिहितो. त्यामुळे नात्यागोत्यात कुणाचाही फोन रुसला की तो माझ्या हातात येऊन पडतो. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की माझ्यासारखे लोक अशा वेळी जे सल्ले देतात, त्यातले बरेचसे निव्वळ अंधश्रद्धा असतात. ज्याला यातलं कळत नाही तो निदान गप्प बसतो. आम्ही बिनदिक्कत ठोकून देतो, आणि 'आयटीत आहे' म्हटल्यावर समोरचा मान डोलावतो.

सगळ्यांत लाडका सल्ला म्हणजे "मागची ॲप्स ढकलून बंद कर, बॅटरी वाचते". वाचत नाही. मागे गेलेलं ॲप बहुतेक वेळा गोठवलेलं असतं, प्रोसेसरला हातही लावत नाही. मेमरी कमी पडली की सिस्टिम स्वतःच त्याला बाहेर काढते. तुम्ही ते ढकलून मारलंत तर पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून लोड होणार आणि त्यालाच जास्त बॅटरी लागणार. २०१६ मध्ये एका ग्राहकाने ॲपलच्या टिम कुकना ईमेल करून विचारलं होतं, तुम्ही स्वतः ॲप्स अशी बंद करता का, आणि बॅटरीसाठी ते गरजेचं आहे का? उत्तर आलं क्रेग फेडरिगींकडून, म्हणजे सॉफ्टवेअर विभागाच्या प्रमुखाकडून: नाही आणि नाही. तरीही कुठलीही मीटिंग सुरू व्हायच्या आधी बघा, चांगले मुरलेले सॉफ्टवेअर आर्किटेक्ट अंगठ्याने सपासप ॲप्स उडवत बसलेले असतात.

नवा फोन आधी पूर्ण उतरवून मग चार्ज करायचा, हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. लिथियम-आयन बाजारात आली १९९१ मध्ये. तिला पूर्ण उतरवणं मानवत नाही आणि उष्णता तर अजिबात नाही. पण सल्ला काही मरत नाही.

आता माझा खास आवडता. "रोज शटडाउन करत जा, सकाळी मशीन ताजंतवानं." विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, यात मेख आहे. फास्ट स्टार्टअप चालू असेल (आणि बहुतेक मशीनवर ते आपोआप चालूच असतं) तर शटडाउन केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि ड्रायव्हर (प्रिंटर, स्क्रीनसारखे भाग चालवणारे प्रोग्रॅम) जसेच्या तसे डिस्कवर गोठवून ठेवले जातात. सकाळी तीच शिळी अवस्था परत मेमरीत चढते. एखादा ड्रायव्हर सोमवारी बिघडला असेल तर शुक्रवारीही तो तसाच बिघडलेला असतो. रीस्टार्ट केलं तरच कर्नल नव्याने उठतो. खोटं वाटत असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' बघा. रोज रात्री इमानदारीत शटडाउन करणाऱ्यांचा आकडाही कित्येकदा आठवडाभराचा निघतो. खरं शटडाउन हवं असेल तर शिफ्ट दाबून ठेवा आणि मग शटडाउनवर क्लिक करा. गंमत म्हणजे मदतकक्षातला माणूस "रीस्टार्ट केलंत का?" विचारतो तेव्हा आपण "कालच तर बंद केला होता" म्हणून त्यालाच ऐकवतो.

कोडमध्ये वेगळं काय चालतं? प्रत्येक जुन्या प्रोजेक्टमध्ये अर्धा सेकंद थांबायला सांगणारी एक ओळ असते आणि तिच्या डोक्यावर कॉमेंट: 'हे काढू नका.' कुणी लिहिली, का लिहिली, पत्ता नाही. सगळे तिला वळसा घालून जातात. आणि हेच लोक इतरांना तर्कशुद्ध विचार शिकवतात.

जुना_टर्मिनल

कंपाइलकर, लेख चुरचुरीत आहे, पण अंधश्रद्धा आणि खबरदारी यांची तुम्ही एकत्र मोट बांधली आहे.

पेन ड्राइव्हचं घ्या. 'सेफली रिमूव्ह' करूनच काढा म्हटलं की तुमच्यासारखे हसतात, कारण विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनेच डीफॉल्ट बदलून 'क्विक रिमूव्हल' केलं, म्हणजे ड्राइव्ह थेट उपटला तरी चालतो. बरं. आता तोच पेन ड्राइव्ह लिनक्सला लावा आणि मोठी फाइल कॉपी करा. पट्टी भर्रकन १०० टक्क्यांवर जाते, खिडकी बंद होते, आणि ड्राइव्हवरचा दिवा मात्र लुकलुकतच राहतो. कारण फाइल अजून मेमरीत आहे, सावकाश खाली उतरते आहे. त्या क्षणी उपटलात तर फाइलचं नाव दिसेल, आत माती. टर्मिनलमध्ये 'सिंक' (मेमरीतलं सगळं ड्राइव्हवर उतरवायची आज्ञा) मारून बघा, कर्सर कितीतरी वेळ परत येत नाही. ज्याला ही सवय आहे तो विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर सुखरूप. ज्याने 'आता गरज नाही' असं वाचलंय त्याच्या फाइल्स परत काढून द्यायला शेवटी मलाच बोलावतात.

राउटर बंद केल्यावर थोडं थांबून मग चालू करा, हाही तसाच सल्ला. ऐकायला मंत्रतंत्र वाटतो. कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज उतरायला वेळ लागतो. लगेच चालू केलंत तर चिप पूर्ण रीसेट झालेली नसू शकते. सांगणाऱ्याला कारण माहीत नसेल, पण सल्ला खरा आहे. सामान्य माणसाला कारणापेक्षा सवय जास्त उपयोगी पडते.

फावल्या_वेळात

मी आयटीत नाही. ॲप गोठतं का थिजतं मला ठाऊक नाही. पण नकाशाचं ॲप रस्ता दाखवत मागे चालू राहिलं की फोन तापतो आणि बॅटरी धडाधड उतरते, हे मी डोळ्यांनी बघते. तेव्हा ते ढकलून बंद केलं की थांबतं. मग माझी अंधश्रद्धा कशी?

आणि खरं सांगू का, आयटीवाल्यांचा सल्ला चुकीचा असतो हा त्रास दुय्यम आहे. खरा त्रास म्हणजे ते प्रश्नाचं उत्तरच देत नाहीत. मी विचारते वाय-फाय का चालत नाही. तो सांगतो हा राउटर घ्यायलाच नको होता, मग फर्मवेअर, मग गोपनीयता, मग तू अजून हाच ब्राउझर वापरतेस? तासाभराने वाय-फाय आपोआप सुरू होतं आणि श्रेय तो घेतो.

कंपाइलकर

@फावल्या_वेळात, नकाशाचं ॲप गोठलेलं नसतंच हो, जीपीएस वापरत असतं, म्हणून तर फोन तापतो. चालू काम थांबवणं वेगळं आणि रांगेतलं प्रत्येक ॲप सरसकट ठार करणं वेगळं. वाय-फायबद्दल मात्र तुम्ही आमचं बिंग फोडलंत.

@जुना_टर्मिनल, कारण माहीत नसलेली सवय फार काळ उपयोगी राहत नाही, एवढाच माझा मुद्दा. निकेल-कॅडमियमची सवय त्या बॅटरीसाठी बरोबरच होती. कारण ठाऊक असतं तर बॅटरी बदलल्यावर सल्लाही बदलला असता. तो पाठ केलेला होता, म्हणून लिथियमलाही चिकटला.

ऑडिटग्रस्त

पासवर्ड कुणीच कसा काढला नाही? दर ३ महिन्यांनी पासवर्ड बदला हा आयटीने जगाला दिलेला सगळ्यांत वाईट सल्ला. आणि तो मीच लोकांवर लादतो, कारण ते माझं काम आहे.

थोडा इतिहास. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २००३ मध्ये पासवर्डबद्दल मार्गदर्शन दिलं. एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह आणि ठरावीक काळाने बदल, ही सगळी पद्धत त्यातून फोफावली. लिहिणारे बिल बर. त्यांनीच २०१७ मध्ये सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने नवं मार्गदर्शन काढलं: पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तर बदलायला लावा, उगाच नको. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजच्या सुरक्षा शिफारशींतून मुदतीचा नियम काढून टाकला. कारण साधं आहे. सक्ती केली की माणूस शेवटचा आकडा एकाने वाढवतो. १ चा २, २ चा ३. जुना पासवर्ड ज्याच्या हाती लागला त्याला नवा ओळखायला डोकं चालवावं लागत नाही.

पण कंपाइलकर म्हणतात तसं याला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून उडवता येत नाही. कार्डाने पैसे स्वीकारणाऱ्या कंपन्यांना पीसीआय डीएसएस, म्हणजे कार्ड व्यवहारांच्या सुरक्षेची नियमावली, पाळावी लागते. नुसत्या पासवर्डवर लॉगिन असेल, दुसरी काही पडताळणी नसेल, तर दर ९० दिवसांनी बदल हा त्यातला एक मार्ग अजून आहे. दुसरे मार्ग राबवायचे तर बजेट लागतं, बजेटला मंजुरी लागते, आणि तपासनीस येतात त्या दिवशी मला यादीत टिक हवी असते. मग मी सगळ्यांना मेल पाठवतो आणि सगळे मला शिव्या घालतात.

टकटक

धागा गंभीर झाला. गीक लोकांच्या खऱ्या श्रद्धास्थानाकडे वळूया का? मेकॅनिकल कीबोर्ड. माझ्याकडे आयबीएमचा मॉडेल एम आहे, हे डिझाइन १९८५ चं. प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग, दाबलं की ती बाकते आणि टक्क वाजते. कॉल चालू असताना टाइप केलं तर पलीकडच्यांना वाटतं इथे कुणीतरी खिळे ठोकतंय. वेग वाढतो का? माझा तरी वाढलेला नाही. सोडणार का? मुळीच नाही.

डोळस

डार्क मोडचंही सांगा. आमच्या टीममध्ये एकाने पांढरी पार्श्वभूमी ठेवली तर त्याच्याकडे असं बघतात की जणू त्याने प्रॉडक्शनचा डेटाबेस उडवला. म्हणे बॅटरी वाचते. एलसीडी स्क्रीनवर तर वाचण्याचा प्रश्नच नाही, मागचा दिवा जळतोच. ओएलईडीवर काळा पिक्सेल बंद असतो, तिथे वाचते. पण किती? पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजलं होतं: ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना सरासरी ३ ते ९ टक्के बचत. पूर्ण ब्राइटनेसला ती ३९ ते ४७ टक्क्यांवर जाते, पण घरात बसून कोण १०० वर ठेवतं? आणि दृष्टिवैषम्य (ॲस्टिग्मॅटिझम) असलेल्या बऱ्याच जणांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरट दिसतात. मला दिसतात. मी पांढराच ठेवतो, कुणी काही म्हणो.

जुना_टर्मिनल

@डोळस, आवड म्हणून ठेवतात हो, बॅटरीचं नुसतं निमित्त. यात कसली आली अंधश्रद्धा?

@कंपाइलकर, तुमच्या त्या अर्ध्या सेकंदाच्या ओळीवरून एक जुना किस्सा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या एआय लॅबमध्ये पीडीपी-१० या जुन्या, कपाटाएवढ्या संगणकाच्या कॅबिनेटला एक छोटा स्विच चिकटवलेला होता. त्याच्या दोन बाजूंना हाताने लिहिलेलं: 'जादू' आणि 'जास्त जादू'. स्विच 'जास्त जादू'वर होता. बघितलं तर त्याला एकच वायर, आणि तिचं दुसरं टोक ग्राउंडला. म्हणजे विजेच्या दृष्टीने निरुपयोगी. कुणीतरी थट्टा केली असणार म्हणून लॅबमधल्या लोकांनी स्विच फिरवला आणि मशीन तत्क्षणी कोसळलं. पुढे दुसऱ्या एकाला दाखवायला परत फिरवला, परत कोसळलं. कदाचित स्विचच्या धातूच्या अंगातून कॅबिनेटला जोड मिळत असेल आणि दोन ग्राउंडमध्ये फरक असेल. सांगायचं एवढंच, 'हे काढू नका' लिहिणारा दर वेळी मूर्ख नसतो. त्याने मशीन पडताना पाहिलेलं असतं.

कंपाइलकर

किस्सा अर्धाच सांगितलात. नंतर त्यांनी तो स्विच पकडीने कापून काढला, मशीन पुन्हा चालू केलं आणि ते पुढे व्यवस्थित चाललं. माझ्या बाजूचा याहून चांगला दाखला मला सापडला नसता.

जुना_टर्मिनल

आणि ज्याने हे लिहून ठेवलं त्याने तो कापलेला स्विच घरी जपला, शक्यतो 'जास्त जादू'वरच ठेवतो म्हणे. तोही आपल्यातलाच.

ऑडिटग्रस्त

स्विच कापायची परवानगी कुणी दिली होती? चेंज रिक्वेस्ट कुठे आहे?

फावल्या_वेळात

सगळे जमलेच आहात तर एका प्रश्नाचं सरळ उत्तर द्या. फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे. चालू करू की नको?

कंपाइलकर

करा. लिथियम-आयन जास्त वेळ काठोकाठ भरलेली राहिली की लवकर झिजते, त्यात ती गरम असेल तर आणखीच. रात्रभर १०० टक्क्यांवर लटकलेली राहण्यापेक्षा ८० कधीही बरं.

डोळस

नका करू. बॅटरी पुढे २० टक्के कमी होईल या भीतीने आजच २० टक्के सोडून द्यायचे, हा कुठला हिशोब? बॅटरी बदलून मिळते.

ऑडिटग्रस्त

तुमचा दिवस किती चार्जिंगवर निघतो, ते आधी सांगा.

फावल्या_वेळात

बघा. तीन आयटीवाले, तीन उत्तरं, त्यातलं एक तर प्रश्नच. सेटिंगमध्ये ९० चाही पर्याय दिसतोय, तो लावते आहे.

टकटक

९० ठीक आहे. कीबोर्ड कुठला वापरता?