मदत हवी आहे: कोबाल्ट संयुगात शून्य चुंबकीय क्षेत्रात सिग्नल नाही, १५०० ओर्स्टेडला (क्षेत्राचं एकक) आहे. एकआयनी चुंबक (एकाच धातू-आयनामुळे चुंबकासारखा वागणारा रेणू) म्हणायचा का?

चतुष्फलक:
नमस्कार मंडळी. कोबाल्ट(२) भोवती चार नायट्रोजन, दोन द्विदंती लिगंडचे (प्रत्येक लिगंड धातूला दोन ठिकाणी धरतो). स्फटिकात डायक्लोरोमिथेन अडकलेलं आहे. ससेप्टिबिलिटी (क्षेत्राला मिळणारा चुंबकीय प्रतिसाद) गुणिले तापमान ३०० केल्विनला २.६, २ केल्विनला १.९ (घनसेंमी केल्विन प्रति मोल). मॅग्नेटायझेशनच्या फिटला डी (अक्षीय अनिसोट्रॉपीचा, म्हणजे चुंबकत्व दिशेवर किती अवलंबून त्याचा आकडा) −३२ चालतो आणि +२९ सेंमी⁻¹ही तितकाच चालतो. एसीत (आलटत्या क्षेत्राच्या मापनात) शून्य क्षेत्रात १.८ केल्विनपर्यंत आउट-ऑफ-फेज (मागे रेंगाळणारा, मंद शिथिलन दाखवणारा) सिग्नल काहीच नाही. १५०० ओर्स्टेड लावले की २ ते ६ केल्विनमध्ये छान शिखरं; ६ केल्विनचं शिखर १००० हर्ट्झच्या आसपास. वरच्या चार बिंदूंतून अऱ्हेनियस रेष (लॉग वेग विरुद्ध १/तापमान) ओढली की अडथळा १७ सेंमी⁻¹. डीच्या दुप्पट, म्हणजे ६४, हवा होता. उरलेला गेला कुठे? नमुना कुटून कॅप्सूलमध्ये सुटा भरला होता. आता ६० मिलिग्रॅम शिल्लक आहे.

हर्ट्झवाला:
"सुटा भरला" इथेच थांबा. अक्षीय अनिसोट्रॉपी मोठी असली की कण क्षेत्राच्या दिशेने वळतात. मग पावडरची सरासरी उरत नाही आणि डीच्या फिटला अर्थ राहत नाही. एम-एच (मॅग्नेटायझेशन विरुद्ध क्षेत्र) आलेखात मधेच वर उसळी दिसते का?

चतुष्फलक:
२ केल्विनला दीड-दोन टेस्लाजवळ एक पायरी आहे. ती उपकरणाची वाटली होती.

हर्ट्झवाला:
कण वळल्याचीच खूण. २५ मिलिग्रॅम नमुन्यावर तेवढंच आयकोसेन (मेणासारखा हायड्रोकार्बन, कण जागी धरायला) घाला, ४० अंशांवर वितळवा (३७च्या आसपास वितळतं), हलवून थंड करा. दोन्हींची वजनं वेगळी लिहून ठेवा, आयकोसेनची डायामॅग्नेटिक दुरुस्ती करावी लागते. संयुग आयकोसेनमध्ये विरघळत असेल तर गोळी दाबून टेफ्लॉन टेपमध्ये गुंडाळा.

दुसरा घोळ डायक्लोरोमिथेनचा. कुटताना ते उडतं, उपकरणाच्या निर्वातात आणखी उडतं. मग रेणुभार चुकतो, २.६ हा आकडाही संशयात. न कुटलेले स्फटिक क्वार्ट्झ नळीत सील करा.

कोनमापक:
अडथळ्याचं बघू. ६४ सेंमी⁻¹ म्हणजे ९२ केल्विन. टाऊ-शून्य (अऱ्हेनियस सूत्रातला पूर्वगुणक) १०⁻⁹ सेकंद धरला तर ६ केल्विनला ऑर्बाखचा (अडथळा चढून जाण्याच्या वाटेचा) वेग सुमारे २२० प्रति सेकंद. तुमचं शिखर १००० हर्ट्झला, म्हणजे वेग (२π पट) ६३००च्या घरात. जवळजवळ तीसपट! या तापमानाला ऑर्बाख रांगेत उभाच नाही, सगळा कारभार रामनचा (दोन फोनॉनांच्या, म्हणजे जाळीच्या कंपनांच्या वाटेचा). अशा ठिकाणी अऱ्हेनियसचा "१७" हा वक्राच्या तुकड्याला टेकवलेल्या पट्टीचा उतार आहे, अडथळा नव्हे. लॉग वेग विरुद्ध लॉग तापमान काढा. सरळ रेष आली तर उतार हाच रामनचा घातांक. क्रेमर्स आयनाला (विषम संख्येने इलेक्ट्रॉन असलेल्या) पुस्तकी ९ असतो, पण ऑप्टिकल फोनॉन असले की बराच खाली येतो.

शून्य क्षेत्रातल्या शांततेचं कारण टनेलिंग (अडथळा न चढता स्पिन आरपार उलटणं). क्रेमर्स आयन असल्यामुळे ई (अनिसोट्रॉपीचा आडवा भाग) एकट्याने मूळ जोडी फोडू शकत नाही, पण ±३/२ मध्ये ±१/२ मिसळतो. त्यावर शेजाऱ्यांची द्विध्रुवी क्षेत्रं आणि कोबाल्ट-५९ चा ७/२ केंद्रकीय स्पिन, की वाट मोकळी. शेजारी दूर करायला जस्तात पातळ करा. कोबाल्ट आणि जस्ताचे क्षार १:१९ मोल प्रमाणात घेऊन *एकत्रच* स्फटिक वाढवा. नंतर दोन पावडरी मिसळणं म्हणजे काहीच न करणं. विद्राव्यता वेगळी असल्याने स्फटिकातलं प्रमाण आयसीपीने (मूलद्रव्य विश्लेषणाने) तपासा आणि पावडर एक्स-रे जुळतो का पाहा. हायपरफाइन (केंद्रकीय स्पिनशी असलेली जोड) मात्र तसाच राहतो, त्यामुळे शून्य क्षेत्रात काही दिसेलच अशी हमी नाही.

आणि १५०० हा आकडा कशावरून? २ केल्विनला ० ते ४००० ओर्स्टेड, २००च्या पायऱ्यांनी शोधा. टाऊ (शिथिलनाचा काळ) सगळ्यात मोठा जिथे, ते क्षेत्र. त्यापुढे डायरेक्ट (एकाच फोनॉनाची) प्रक्रिया क्षेत्राच्या चौथ्या घाताने चढते. टनेलिंग आणि डायरेक्टचे आकडे या शोधातून ठरवून गोठवा, मगच तापमानाचा फिट. सगळे गुणांक एकदम मोकळे सोडले तर हवं ते उत्तर येतं.

चतुष्फलक:
मग डीचं चिन्ह? क्षेत्र लावल्यावर शिखरं आली म्हणजे ऋण, असं धरलं होतं.

कोनमापक:
नाही. धन डीच्या कोबाल्टमध्येही क्षेत्रप्रेरित शिथिलन दिसतं. ५ ते १० केल्विनला एक्स-बँड ईपीआर (अयुग्मित इलेक्ट्रॉनांचा सूक्ष्मलहरी वर्णपट) घ्या. धन असेल तर जी (सिग्नलची जागा सांगणारा आकडा) चारच्या वर रुंद सिग्नल येतो. ऋण आणि ई लहान असेल तर जवळजवळ गप्प. गप्प असणं हा आधार, पुरावा नव्हे. ६४ सेंमी⁻¹ची फट १९०० गिगाहर्ट्झच्या वर असते, नेहमीच्या उच्चक्षेत्र ईपीआरच्या पलीकडे. त्यासाठी चुंबकीय क्षेत्रात फार-इन्फ्रारेड.

संगणकी गणनेत सीएएस (७,५) (पाच डी-ऑर्बिटलमध्ये सात इलेक्ट्रॉन), १० क्वार्टेट, ४० डब्लेट अवस्था, वर एनईव्हीपीटी२ दुरुस्ती. भूमिती एक्स-रेचीच, फक्त हायड्रोजन सैल सोडा. लिगंडचा बाइट कोन (एकाच लिगंडच्या दोन नायट्रोजनांमधला, कोबाल्टवरचा) किती?

चतुष्फलक:
८१ अंश.

कोनमापक:
म्हणजे चतुष्फलक चांगलाच ताणलेला. एक्सवाय ऑर्बिटल खाली येऊन एक्सवर्ग-वायवर्गाच्या जवळ सरकतं, ऋण डीला तेच लागतं. असाच लहान कोन असलेल्या एका चार-नायट्रोजन कोबाल्टमध्ये डी −११५ मिळाला आहे.

हर्ट्झवाला:
नावाचं म्हणाल तर "क्षेत्रप्रेरित एकआयनी चुंबक" बिनधास्त लिहा. २०१० मधल्या त्रिकोणी-पिरॅमिडी लोहालाही १५०० ओर्स्टेड लागले होतेच. शून्य क्षेत्रात चालणारा चार थायोफिनोलेटचा कोबाल्ट २०११ मध्ये आला. शीर्षकात १७ सेंमी⁻¹ मात्र नको.